गच्चीवरचा तंबू

“तंबूला कडी कुठे असते गं?” आईनं विचारलं.

“तंबूला कडी नसते आई, चेन असते,” केतकी म्हणाली.

“चेन! अगं, भर बाजारात पर्सची चेन उघडून पाकीट मारतात लोक, आणि तुम्ही दोघी तरण्याताठ्या पोरी चेनच्या भरवशावर झोपणार? तेही उघड्या माळावर?”

मी पलीकडच्या खोलीत पडून हे ऐकत होते. कानाला स्कार्फ, अंगावर दोन गोधड्या, कुशीत बाळ. बाळंतिणीनं फार बोलू नये असा आईचा कायदा होता, पण सकाळपासून तेच तेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी आतूनच ओरडले, “आई, जाऊ दे ना तिला! नाहीतर असं कर, तिला ठेव बाळाजवळ आणि मला पाठव.”

“तू गप पड. टाके ओले आहेत अजून,” आई म्हणाली.

केतकी माझी धाकटी बहीण. कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्र्यंबकच्या पलीकडे एका धरणाच्या काठावर गाण्यांचा मोठा महोत्सव होता, दोन रात्री. दिवसभर गाणीबजावणी आणि रात्री तिथेच काठावर तंबू ठोकून झोपायचं. तंबू ज्याचा त्यानं आणायचा. केतकी आणि तिची मैत्रीण रेवती अशा दोघी निघाल्या होत्या. रेवतीचा मामेभाऊ ट्रेकला जायचा, त्याचा तंबू मागून आणला होता. बाबांनी “जा की” म्हणून परवानगी दिली आणि सकाळी अंबडला कंपनीत निघून गेले. बाबांचं नेहमी असंच. ते हो म्हणून मोकळे, निस्तरायला आम्ही.

आईनं मात्र आठ दिवस झोप सोडली होती. साप येईल. पोरं दारू पिऊन येतील. पाय घसरून धरणात पडाल. रात्री लघवीला कुठे जाणार? आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून, “मला स्वप्न पडलं होतं गं. केतकीला हाका मारतेय आणि ती ओच देत नाही.”

पूर्वी मी आईच्या ह्या भित्रेपणाची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. पण बाळ झाल्यापासून माझं हसू पळालं होतं. ते शांत झोपलं की मला धडकी भरायची. घडीघडी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायचे, श्वास चालू आहे ना. कुणाला सांगायची सोय नव्हती, आईला तर मुळीच नाही, तिनं लगेच दृष्ट काढली असती. त्यामुळे त्या आठवड्यात घरात दोन घाबरट बायका होत्या. एक बोलून दाखवत होती, एक नव्हती.

शेवटी आईनं अट घातली. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गच्चीवर तंबू लावून दाखवायचा, दोघींनी आत झोपून दाखवायचं, मग पुढची बात. केतकी वैतागली, पण रेवती समजूतदार. म्हणाली, “काकू, बरोबर आहे तुमचं. आम्हाला तरी कुठे लावता येतो? रंगीत तालीम होऊन जाऊ दे.”

त्या दिवशी नाशिकला मरणाचा गारठा होता. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात पहिल्या पानावर आलं होतं. ऊन नावालाच, आणि वारा असा की गच्चीवरचे कपडे दोरीसकट उडून जातील. सिडकोतलं आमचं रो-हाउस, आतूनच जिना आणि वर गच्ची. माझ्या खोलीवरच गच्ची, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. काठ्या आपटल्याचा आवाज, कापड फडफडल्याचा आवाज, मग दोघींचं खिदळणं.

“अगं, ही उलटी बाजू आहे!”

“तुझंच डोकं उलटं आहे!”

मध्येच केतकी धावत खाली आली. नाक लाल, केस विस्कटलेले. माझ्या बाजेवर धपकन बसली, तर बाळ दचकलं.

“हळू गं भवाने!”

“सॉरी सॉरी. ताई, लागला तंबू! केवढा गोड दिसतोय. तू बरी झालीस की तुला पण नेते पुढच्या वर्षी. ह्या लाडोबाला आईकडे टाकू आणि जाऊ.”

“मी काय करू तिथे? मला तुमची ती गाणी ओळखूही येत नाहीत.”

“ओळखायची कशाला? ऐकायची.” तिनं बाळाच्या गालाला गार बोट लावलं आणि माझा फटका चुकवून वर पळाली. जाता जाता माझ्या ताटलीतला डिंकाचा लाडूही उचलला. पळती पाठमोरी केतकी मला अजून दिसते.

मग मालिशवाल्या मावशी आल्या. बाळाची अंघोळ, माझी अंघोळ, आणि मग शेक. आमच्याकडे अजून पत्र्याची शेगडी आहे, खास बाळंतपणासाठी जपलेली. तिच्यात कोळसे फुलवायचे, वर ओवा नि बाळंतशेपा टाकायच्या, बाजेखाली शेगडी सरकवायची. आई तेवढ्या वेळात खिडकी हमखास बोटभर उघडी ठेवायची, धूर कोंडू नये म्हणून. मी रोज कुरकुर करायचे, एकीकडे शेकायचं आणि एकीकडे वारं घ्यायचं, हा कुठला प्रकार? आई म्हणायची, “माझ्या आईनं असंच केलं, तिच्या आईनं असंच केलं.” विषय संपला.

शेक झाला, मावशी गेल्या. आई पोरींचा तंबू बघायला गच्चीवर गेली आणि लगेच खाली आली.

“कापड कुठलं, कागद आहे गं तो! वारा ह्या बाजूनं शिरतो आणि त्या बाजूनं निघतो. जाळीच्या खिडक्या ठेवल्यात मेल्यांनी. दोघी आत बसून कुडकुडतायत आणि मला सांगतात, मस्त वाटतंय. गारठून मरतील तिथे पाण्याच्या काठावर!”

“गोधड्या दे ना बरोबर,” मी म्हटलं. डोळे मिटत होते माझे. रात्रभर बाळानं जागवलं होतं.

“गोधडीनं काय होतंय?” असं म्हणत आई वाकली. तिनं बाजेखालची शेगडी ओढली. मला वाटलं विझवायला नेतेय. जिन्यावर तिची पावलं वाजली, वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, आणि मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा घर शांत होतं. स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता, आणि आई गुणगुणत होती. माझी आई! आठ दिवसांत जिच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता, ती गुणगुणत होती.

“पोरी कुठायत?” मी विचारलं.

“वर. झोपल्यात.” आई हात पुसत दारात आली. चेहरा कसा निवांत. “आता काही काळजी नाही बघ. शेगडी ठेवून दिली तंबूत. धूर मुळीच नाही, नुसते लाल निखारे, वर राख घातली. आणि बाबांची ताडपत्री टाकली तंबूवर, त्या जाळ्या पार झाकून टाकल्या. इतकी छान ऊब आली! केतकी म्हणाली, आई, घरच्यापेक्षा भारी. अशा बोलता बोलता पेंगल्या दोघी. मी चेन लावून आले. उद्या शेगडी नि कोळसे बरोबर देते, बस.”

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे सांगायला हवं. उलट वाटलं, सुटली बिचारी केतकी, आई राजी झाली. मी बाळाला पाजायला घेतलं.

तेवढ्यात वर फोन वाजला.

केतकीच्या फोनचा आवाज मी ओळखायचे. वाजून वाजून बंद पडला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा बंद. मग रेवतीचा वाजला, मग परत केतकीचा. बाळ दूध सोडून त्या आवाजाकडे कान लावून राहिलं होतं.

“आई, फोन वाजतोय वर.”

“वाजू दे. झोपल्यात म्हटलं ना.”

“अगं, ही अंघोळीलासुद्धा फोन घेऊन जाते. आज नुसता वाजू देतेय?”

“दमल्यात गं. काल सगळी सामानाची बांधाबांध, रात्री धड झोप नाही.”

“तू बघून ये ना एकदा.”

“आत्ताच तर आले. चेन उघडली की सगळी ऊब बाहेर. पडू दे घटकाभर, शिरा झाला की उठवते.”

फोन पुन्हा वाजायला लागला. तो आवाज तोच, पण मला आता तो ऐकवेना. मला खिडकी आठवली. आई रोज माझ्या खोलीची खिडकी उघडी ठेवत होती आणि तंबूच्या खिडक्या तिनं झाकल्या होत्या. त्यापुढचं मला काही कळत नव्हतं. शास्त्र वगैरे कुणाला माहीत? एवढंच कळलं की काहीतरी उलटं झालंय. मी बाळाला खाली ठेवलं आणि उठले.

“कुठे निघालीस?” आई जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. “जिना चढायचा नाही हर्षे! टाके तुटले तर तुझ्या सासूला काय तोंड दाखवू मी?”

“आई, बाजूला हो.”

“ऐक माझं. गार वारं लागेल, आयुष्यभर डोकं धरून बसशील—”

मी आईला ढकललं. जन्मात पहिल्यांदा. कठडा धरून एकेक पायरी चढले, टाक्यांतून कळ डोक्यापर्यंत जात होती. आई मागून ओरडत होती, खाली बाळ रडायला लागलं होतं, वर फोन वाजत होता.

गच्चीवर वारा तोंडावर आपटला. तंबू कसला, ताडपत्रीचा ढीग दिसत होता. चारी बाजूंनी कुंड्या ठेवून दाबलेला. आईनं काम चोख केलं होतं.

“केतके! ए केतके! रेवती!”

आतून काही नाही. मला आईचं स्वप्न आठवलं. ताडपत्री उचलली, चेन सापडेना. सापडली तर अडकली. मी ती दोन्ही हातांनी हिसकून उघडली.

आत छान गरम होतं. खरंच छान. ओव्याचा वास येत होता. दोघी एकमेकींकडे तोंड करून पडल्या होत्या. गाल गुलाबी, जणू आत्ताच गाढ झोप लागलीय. रेवतीच्या तोंडाजवळ ओकारी होती. केतकीच्या हाताजवळ फोन उजळून वाजत होता आणि तिची बोटं हलत नव्हती.

मी केतकीला हलवलं. तिची मान लुळी पडली. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. वाऱ्यानं बोट बधिर झालेलं, मला काही समजेना. श्वास आहे की नाही, समजेना! मी किंचाळले.

आई आली. म्हणाली, “गारठल्या! अगंबाई, गारठल्या गं पोरी!” आणि तिनं शेगडी उचलून केतकीच्या छातीशी सरकवली.

“आई, ती बाहेर काढ! तीच, ती शेगडीच बाहेर काढ!”

“अगं, थंड पडलीय ती, तिला शेक—”

मी शेगडीला लाथ मारली. निखारे गच्चीभर पसरले, माझा पाय भाजला, ते मला संध्याकाळी कळलं. मी केतकीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. “रेवतीला ओढ! आई, बघत काय उभी राहिलीस, ओढ तिला!” आईनं ओढलं. उघड्या गच्चीवर, त्या मरणाच्या गारठ्यात आम्ही दोघींना आणून टाकलं. आई रडत रडत अंगावरची शाल केतकीवर घालायला बघत होती आणि मी ती हिसकावून फेकत होते. का, ते मलाही माहीत नव्हतं. मला फक्त तिच्या तोंडावर वारा हवा होता.

माझ्या किंकाळीनं शेजारचे जगताप काका कठड्यावरून डोकावले. पुढचं त्यांनीच केलं. त्यांनी नि त्यांच्या मुलानं पोरींना खाली नेलं, त्यांच्या ओम्नी गाडीत घातलं, खिडक्या सगळ्या उघड्या टाकल्या. वाटेत रेवती कण्हली. “डोकं,” म्हणाली, “डोकं फुटतंय.” आई तिच्या तोंडावर वाकून म्हणाली, “बोल बाई, बोल, अजून बोल.” केतकी माझ्या मांडीवर होती. ती काही बोलली नाही. बाळाला जगताप काकूंकडे टाकून आलेय, हे मला दवाखान्याच्या दारात आठवलं.

तरुण डॉक्टर होता. त्यानं दोघींना ऑक्सिजन लावला आणि बाहेर येऊन विचारलं, “खोली बंद होती का? काही जळत होतं आत?”

“तंबू,” मी म्हटलं. “कोळशाची शेगडी होती.”

“धूर नव्हता हो,” आई मध्येच म्हणाली. “राखेखालचे निखारे होते. धूर असता तर मी ठेवली असती का?”

“धुरानं माणूस खोकत तरी उठतो, काकू. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला वास नाही, रंग नाही. नुसती गुंगी येते. वेळेत काढलंत. एकीचं बरं आहे. दुसरीचं... बघू. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर यायला हवी.”

“नाही आली तर?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नुसतंच पुन्हा म्हणाला, “बघू.”

आई बाकावर बसली. रडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. बाबा कंपनीच्या कपड्यांतच धावत आले, त्यांनी विचारलं काय झालं, तर तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, “अरे देवा,” आणि भिंतीला टेकले.

रेवतीची आई, गायधनी बाई, शाळेतून परस्पर आल्या. आधी लेकीला बघून आल्या. रेवती त्यांच्याशी बोलली होती, त्यामुळे जिवात जीव आला होता. त्या आईजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सांगा. मी पण घाबरतच होते हो त्या धरणावर पाठवायला. तिथे असं काही झालं असतं तर कुणाला पत्ता लागला असता? बरं झालं, तुमच्याकडे होत्या.”

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, गप बस आई. आत्ता नको. एकदा केतकी उठू दे.

आईनं आपला हात सोडवून घेतला. “माझ्याकडे होत्या म्हणूनच झालं,” ती म्हणाली. “शेगडी मी ठेवली. ताडपत्री मी टाकली. चेन मी लावली बाहेरून. हर्षदा वर निघाली तर तिलाही मीच अडवलं.”

गायधनी बाई उठून गेल्या नाहीत. दोघी तशाच शेजारी शेजारी बसून राहिल्या, मध्ये वीतभर जागा ठेवून.

दुपार कशी गेली, मला सांगता येणार नाही. जगताप काकू बाळाला घेऊन आल्या, मी कोपऱ्यात बसून त्याला पाजलं. मनात नको नको ते येत होतं. केतकी उठली पण आम्हाला ओळखलंच नाही तर? बोलायलाच विसरली तर? बाळ पोटभर पिऊन झोपलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं नाही. माझी सगळी भीती केतकीच्या खाटेभोवतीच्या पडद्याआड अडकली होती.

उन्हं कलली तेव्हा नर्स बाहेर आली. “केतकीचं कोण आहे? या. बोलतायत त्या.”

बाबा आधी पळाले. मी भिंत धरत गेले. आई सगळ्यात मागे होती, आणि दाराशीच थांबली.

केतकीनं डोळे उघडले होते. मास्क तोंडावर, ओठ सुकलेले. तिनं बाबांना ओळखलं, मला ओळखलं. “ताई,” ती म्हणाली, “तू जिना चढलीस?” मी हसायला गेले आणि भोकाड पसरलं. नर्सनं मला दटावलं.

“आई कुठाय?” केतकीनं विचारलं.

आई पुढे आली. पलंगाजवळ आली, पण तिनं केतकीला हात लावला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिली. केतकीला काहीच आठवत नव्हतं. तंबू लागला, आईनं ऊब आणून दिली, झोप लागली. बास, एवढंच. “डोकं दुखतंय गं आई,” ती म्हणाली. “आणि थंडी वाजतेय. पांघरूण घाल ना.”

पायथ्याशी दवाखान्याची लाल चादर घडी करून ठेवली होती. आईनं ती उचलली, उलगडली. मग तशीच हातात धरून थांबली. आम्हा दोघींना लहानपणापासून झोपेत पांघरूण घालत फिरणारी माझी आई. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मी जेवढी घाबरले, तेवढी गच्चीवरही घाबरले नव्हते.

“घालू का गं?” तिनं मला विचारलं.